पहिली चार आडवी

५ फेब्रुवारी १९७६, गुरुवार

शिक्का मारला नाही! प्रूफ टेबलाच्या खणात टाकून कुलूप घातलं आणि किल्ली मोज्यात ठेवली. खिशात नको. आमच्या शिपायाची नजर बरी नाही.

लालासाहेबांच्या साप्ताहिकात दिवाळीपासून एक कूटकोडं येतं. रचणारा कोण तर ‘कूटकर, सांगली’. म्हणजे कोण, ते लालासाहेब सांगत नाहीत. छापून येणारं प्रत्येक अक्षर आधी आमच्या कचेरीत तपासायचं, हा आणीबाणीचा हुकूम. माझ्या आधी या टेबलावर बाळासो निकम होते. त्यांनी पानगळीवरची एक कविता पास केली. महिन्याभरात पार विदर्भात चांद्याला बदली! ती गळालेली पानं साहेबांना कुणाची वाटली देव जाणे. आता टेबल माझ्याकडे आहे. मला चांद्याला जायचं नाही. अंजनाला दम्याचा त्रास आहे, आणि पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष.

आजच्या प्रुफात काय, तर ‘वादळात सापडलेलं सैन्य (२)’. या दिवसांत सैन्य? वादळ कसलं? आणि कंसात दोन म्हणजे कोण दोघं?

साहेब म्हणाले, कळल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. न कळता मारलात तर जबाबदार तुम्ही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लालासाहेब सकाळीच कचेरीत हजर. सुभेदार म्हणून पेन्शनीत निघाले, पण आवाज अजून परेडवरचाच. उद्या अंक निघायचा, प्रूफ इथं अडकलं म्हणून तापले होते. मी म्हटलं, समजावून सांगा, मग मारतो. खुर्ची ओढून बसले.

“हे बघा, वाक्याच्या दोन टोकांपैकी एका टोकाला खरा अर्थ असतोय. बाकी समदा चकवा. वाक्य काय म्हणतंय तिकडं बघायचंच न्हाई. अक्षरं काय करत्यात तेवढं बघायचं.”

कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. अर्थ ‘सैन्य’. ते ‘वादळ’ या शब्दातच सापडतं — दळ! दुसरं होतं ‘नदी उलटली, गरीब झाली (२)’. नदी उलटी वाचायची — दीन.

म्हणजे जे लिहिलंय ते म्हणायचंच नाही, आणि जे म्हणायचंय ते लिहायचं नाही! आणि वर हे लोक सांगतात, यात दडलेलं काही नाही.

साहेबांना ‘दळ’ सांगितलं. ते म्हणाले, “कुठलं दळ?” अर्धा तास गेला. शेवटी शिक्का मारला.

७ फेब्रुवारी

दूधवाला दोन दिवस झाले कचेरीबद्दल विचारतो आहे. कशाला?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज साहेबांच्या आधी मीच कोड्याला बसलो. सव्वीसपैकी एकोणीस सुटली. ‘पहिला सूर, मग तारा — आपलंच गाव (३)’. पहिला सूर सा. सा आणि तारा — सातारा! मी टेबलावर थाप मारली. शिपाई आत डोकावला. मी फाईल चाळतोय असं दाखवलं. आता तोही माझ्यावर लक्ष ठेवणार.

खरं लिहायचं तर मजा आली. इतकी मजा सरकारी कामात येऊ नये. यातच काहीतरी काळंबेरं असणार. माणसाला अक्षरांच्या नादी लावायचं आणि नाकाखालून माल पास करून घ्यायचा!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं.

आमच्या कचेरीची रीत, कुठलीही यादी एकाखाली एक लिहायची. तशी उत्तरं लिहीत होतो. पहिली चार आडवी:

‘सवाष्णीच्या पायातलं (३)’ — जोडवं.
‘रतीभर उलटं, नदीकाठी (२)’ — तीर.
‘खरा उलटला, चुलीत उरला (२)’ — राख.
‘काम उलटं केलं, शेतात उभं राहिलं (२)’ — मका.

वरून खाली पहिली अक्षरं वाचली. जो, ती, रा, म. जोतीराम!

 मागचे सगळे अंक काढले. दिवाळीपासून पंधरा अंक, आणि पंधराही वेळा पहिल्या चार आडव्यांत हेच नाव. शब्द दर वेळी वेगळे, नाव एकच. हा जोतीराम कोण? भूमिगत असणार. दर शनिवारी कुणीतरी कुणालातरी खूण करतंय, आणि त्यावर शिक्का आहे आमच्या कचेरीचा!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना दोन पानी टिपण दिलं. नाव कुठं दडतं, कसं वाचायचं, सगळं आकृती काढून. साहेबांनी खुर्चीवर बसायला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा! टिपण आजच सांगलीच्या पोलिसांकडे रवाना केलं; उद्याचा अंक मात्र जाऊ द्यायचा, संशय यायला नको. मला म्हणाले, “नजर आहे तुम्हाला.”

येताना अर्धा किलो पेढे आणले. अंजनाला कारण सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

न राहवून जेवताना सांगितलंच. माझ्याच पोटात राहिलं नाही.

अंजना भाकरी थापत होती. चार शब्द परत वाचा म्हणाली. वाचले. ती हसायलाच लागली.

“आवं, ह्यो कसला कट? कुणा बाईनं नाव घेतलंय. नवऱ्याचं.”

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

“नाव दडवायचं आन घ्यायचंबी, हे बाप्याला कवा जमलंय? आमी काय करतो उखाण्यात? आन पयलाच शबुद जोडवं. तुमी सगळी नदी उलटी केली आन हे दिसलं न्हाई व्हय!”

भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. एकोणीस वर्षांत हिने माझं नाव एकदाही सरळ उच्चारलेलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा पोरीकडून सांगवते. आणि मी दोन पानं लिहून दिली, त्यात ही शक्यता एका ओळीत नाही.

पण तिचंही खरं कशावरून? उद्या स्वतः बघतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या गाडीने सांगली. काल रात्रीच प्रेसवरून पाकिटामागचा पत्ता मिळवला. लालासाहेबांना सांगितलं, कोडी फार आवडतात, कूटकरांना भेटायचंय. ते खूश झाले. मी असा बोलतो आणि लोक विश्वास ठेवतात!

दोन खोल्यांचं घर. दार एका बाईंनी उघडलं, नाव विजयमाला. तिशीतल्या असतील. मी वाचक आहे म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. सगळी सोडवता? ते तिरपं वाटणारं सतरा उभंसुद्धा? मागच्या दाराने जाऊन शेजारून साखर घेऊन आल्या आणि चहा टाकला.

कोडी आधी नवरा रचायचा, दिवाळीपासून या रचून पाठवतात. मास्तर आहेत. जूनमध्ये सभेत बोलले, जुलैमध्ये उचलले. तेव्हापासून आत. संसाराच्या पहिल्या वर्षी त्यांनीच बाईंना कोडी शिकवली होती. तुरुंगात हे साप्ताहिक मिळतं. मी विचारलं, नाव काय त्यांचं? बाईंनी फळीवरचा अंक घेतला आणि पहिल्या चार घरांवरून बोट फिरवलं.

“पत्र महिन्यानं जातं, तेबी निम्मं काळं करून. अंक मात्र शनवारी हातात पडतो त्यांच्या. पयली चार बघितली की त्यांना कळतंय, मी हाय, घरी समदं बरं हाय.”

मला तोंड उघडून सांगायचं होतं, बाई, कोड्यांच्या वह्या आजच्या आज दुसरीकडे कुठंतरी ठेवा. नाही सांगितलं. मी कोण ते कळलं असतं. चहा पूर्ण प्यालो. दोन चमचे साखर होती त्यात.

भित्रा आहे मी. दुसरं काय लिहू?

२३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना म्हटलं, टिपणात चूक झाली, परत घेतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “चूक आधी झाली होती, का आता होतेय?”

मी फाईल उचलली आणि टेबलावर परत आलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल सांगलीत झडती झाली. लालासाहेबांनी सांगितलं. कोड्यांच्या वह्या नेल्या, शब्दकोशसुद्धा नेला. बाईंना तंबी दिली, पुन्हा कुठल्या छापखान्याला चिठ्ठी गेली तर तुम्हीही आत. सापडलं काही नाही. काय सापडणार?

“कुणीतरी चुगली केली गड्या. गावला तर सोडत न्हाई,” लालासाहेब म्हणाले. आणि मला चहा पाजला. माझ्यावर त्यांचा संशय नाही, याचंच वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रुफात कोड्याच्या जागी विड्यांची जाहिरात. शिक्का मारला.

४ मार्च, गुरुवार

आजही जाहिरात. साहेब म्हणतात, कोडं दुसऱ्या कुणाचं आलं तर घ्या, पण तुम्ही तपासून. तुम्हाला आता कळतं.

अंजना दोन दिवस धड बोलत नव्हती. आज बोलली. “तिकडं त्यो माणूस मागल्या शनवारी बघून बसला, परवाबी बघंल. नाव न्हाई म्हटल्यावर काय समजंल? बाई हाय का गेली, त्याला कोण सांगणार?”

मी म्हटलं, पत्र जाईल की. “महिन्यानं,” ती म्हणाली आणि आत गेली.

तेवढं मला कळत नव्हतं का? मागचा आणि येणारा, दोन्ही शनिवार मीही तेच मोजतोय.

७ मार्च, रविवार

ही वही आता तांदळाच्या डब्यात. सकाळपासून तीन कागद फाडून चुलीत घातले. अंजनाने विचारलं नाही, फक्त निखारे वर केले.

नावाची जागा बदलता येत नाही, हीच अडचण. दुसरीकडे दडवलं तर त्यांना सापडणार नाही. पहिल्या चारांतच ठेवलं तर माझंच टिपण सांगलीच्या फायलीत आहे, आकृतीसकट. वाचता येणारा एक जरी भेटला तरी चांदा जवळ वाटेल. दूधवाला आज काही विचारत नव्हता. तेही मला आवडलं नाही.

११ मार्च, गुरुवार

सोमवारी कऱ्हाडला जाऊन डाव्या हाताने पत्ता लिहून टाकलेलं पाकीट, आज प्रूफ होऊन माझ्याच टेबलावर आलं. खाली रचणाऱ्याचं नाव नाही. पहिली चार आडवी: जोगवा, तीट, राग, मत. राग फणसाचा गरा उलटून काढलाय. चौथ्याला ‘अंधार उलटला की हे देता येतं (२)’. अंधार म्हणजे तम.

साहेबांनी विचारलं, काही दडलेलं नाही ना? मी म्हटलं, नाही.

‘प्रसिद्धीस हरकत नाही.’ शिक्का जरा तिरका बसला.