त्रेसष्ट ठिकाणी तुमचा नंबर

ती. मामांस,

धाकट्या भाचीचा नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो, असं आई म्हणाली. तुम्ही कानातलं यंत्र पुन्हा डबीत ठेवलंत, असंही म्हणाली. ते बाहेर काढा, लागणार आहे. पत्र लिहिते आहे, कारण तुमचा फोन आठवडाभर सारखा गुंतलेला येतो. (का, ते मला माहीत आहे. तिथपर्यंत येतेच.) आईला तोंडी निरोप दिला असता तर त्यातला निम्मा तिचाच झाला असता, म्हणून कागद तिच्या हाती देते आहे. वाटेत ती तो वाचेल. वाचू दे.

आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो, ज्याला तुम्ही शेजाऱ्यांपुढे ‘संगणकात काहीतरी’ म्हणता. पूर्वी आमच्या खोलीत पाच माणसं होती. आता दोन आहेत, खुर्च्या पाचच. उरलेल्या तिघांचं काम एआय करतं. त्याला साध्या भाषेत सांगायचं, की ते कोड लिहून देतं. माझा सहकारी त्याला भाऊसाहेब म्हणतो आणि सकाळी आल्यावर त्याची खुशाली विचारतो. (चूक दाखवली की भाऊसाहेब लगेच कबूल करतात, वर आभार मानतात. आपल्या घराण्यात हे अजून कुणाला जमलेलं नाही, त्यामुळे मी पहिल्याच आठवड्यात भाळले.) तीन आठवड्यांचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपायला लागलं. मग लक्षात आलं, की मी आता काही लिहीत नाही, नुसती मान डोलावते. आमच्या साहेबांच्याही ते लक्षात आलं. मान डोलवायला दोन माणसं हवीत का, हे ते येत्या शुक्रवारी ठरवणार आहेत. माझा सहकारी माझ्यापेक्षा छान मान डोलावतो.

गेल्या महिन्यात एका दातांच्या डॉक्टरांची जुनी वेबसाइट नवी करायला आली. जुनी मीच केली होती, अकरा वर्षांपूर्वी. आता तुम्हाला माझी एक सवय सांगायला हवी. फॉर्म नीट चालतो की नाही हे बघायला त्यात खोटं नाव आणि कुठला तरी फोन नंबर भरावा लागतो. मी कायम तुमचा भरते. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे. मी पाच वर्षांची असताना, हरवले तर कामाला येईल म्हणून, तुम्ही तो माझ्याकडून रोज म्हणून घेत होता. मी कधी हरवले नाही, पण नंबर राहिला. काम झालं की तो पुसायचा असतो. तो मी कधीही पुसला नाही. डॉक्टरांच्या वेबसाइटमध्ये, लोकांना न दिसणाऱ्या कोपऱ्यांत, तो त्रेसष्ट ठिकाणी होता. डॉक्टरांचा स्वतःचा एका ठिकाणी.

भाऊसाहेबांनी दोन्ही मोजले आणि बहुमताने निकाल दिला. डॉक्टरांचा नंबर काढला, तुमचा लावला, आणि खाली टीप लिहिली: ‘संपर्क क्रमांकातील विसंगती दूर केली आहे.’ ती टीप मी वाचली. खाली ‘छान’ असं लिहिलं. मामा, माझा गुन्हा एवढाच आहे, त्या एका शब्दाचा. तुम्ही वाचनालयात तीस वर्षं परत आलेलं प्रत्येक पुस्तक पान न पान उलटून बघितल्याशिवाय जमा करून घेतलं नाहीत, आणि मी अख्खी वेबसाइट न उघडता जमा करून घेतली.

मला हे कळलं ते आईमुळे. परवा तुमच्याकडून आली आणि म्हणाली, “दादाला या वयात दातांचं वेड लागलंय. वही घेऊन फोनपाशी ठाण मांडून बसतो. कुणाला तरी गुळण्या करायला सांगत होता.” मी ताटावरून उठले.

आता माझं ठरलं आहे. कालपासून मी त्या वेबसाइटची प्रत्येक ओळ वाचते आहे. साडेअकरा हजार आहेत, चार हजार झाल्या. भाऊसाहेबांनी पुष्कळ चांगलं लिहिलं आहे, माझ्यापेक्षा नीटनेटकं, हे मान्य करते. पण नऊ ठिकाणी ते आत्मविश्वासाने चुकले आहेत आणि त्या नऊही ठिकाणी मी ‘छान’ म्हटलं आहे. शुक्रवारी ती यादी मी साहेबांपुढे ठेवणार. खुर्ची गेली तर जाऊ दे. न वाचता मान मात्र यापुढे डोलावणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता.क. नंबर मी त्याच दिवशी बदलणार होते, पण साहेबांनी हात लावू दिला नाही. तुम्ही रोज संध्याकाळी दवाखान्यात फोन करून, वेळ मागणाऱ्यांची यादी वाचून दाखवता म्हणे. डॉक्टर खूश आहेत. पेशंट पहिल्यांदाच वेळेवर येताहेत, तुम्ही उशिराबद्दल झापता म्हणून घाबरून येताहेत. डॉक्टरांना वाटतं की फोनवर आमचं एआय बोलतं. साहेबांनाही तसंच वाटतं. (“आवाज किती खरा आहे! मध्येच खोकतो सुद्धा.”) तो माझा मामा आहे, हे मी तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, “दुसऱ्याचं श्रेय घरच्यांना देऊ नये.”

ता.क. २. खरं काम हे: शुक्रवारी अकरा वाजता साहेब आणखी दोन डॉक्टरांना हे ‘एआय’ दाखवायला बोलावून, सगळ्यांसमोर तुमचा नंबर फिरवणार आहेत. तेवढा फोन उचला. आपण कोण, असं विचारतील. माझे मामा आहात म्हणून सांगा. बाकीचं मी बघते.

ता.क. ३. साहेबांचे अकरा म्हणजे अकरा वीस. त्यांना सोडू नका.