गेटवर अडकलेल्या फडक्याबाबत

प्रति,
मोठे साहेब,
जिवंत बुरशीचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवायची प्रयोगशाळा,
दुसरा मजला.

विषय: माझ्या बायकोला कामावर परत घेणे, आणि त्याआधी तिच्या मांडीवरचा डबा आत घेणे.
संदर्भ: तुमची मागच्या सोमवारची चिठ्ठी, "उद्यापासून येऊ नये."

महोदय,

मी वायरमन माणूस. हातात टेस्टर बरा, पेन नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

१. माझी बायको तुमच्याकडे बावीस वर्षं साफसफाई करते. बुरशी दिसली की पुसायची, हे तिला तुम्हीच शिकवलंत. सोमवारी टेबलावरच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली, तिनं पुसली. "हात लावू नये" हा कागद होता दारावर, आणि दार भिंतीला टेकवून उघडं. कागद भिंतीनं वाचला, साहेब.

२. आधी दिलेला करंट लक्षात ठेवणारी बुरशी होती म्हणे ती. चार महिने वाढवलेली. ती वाढवणाऱ्या तुमच्या मॅडम रडल्या. तेव्हापासून ही घरात एका जागी टेकत नाही. घासलेली भांडी परत घासते.

३. पण फिनेल लावायच्या आधीच तिला थांबवलं होतं. पुसलेलं फडकं तसंच पिशवीत आलं, वर पाण्याची बाटली सांडली. शुक्रवारी पिशवी उघडली तर फडक्यावर पांढरे धागे.

४. मी सेल आणि मीटर लावला. ओल्या कापडातून करंट जातो हे मला कळतं, म्हणून दुसरं ओलं फडकंही तपासलं. ते दरवेळी तेच दाखवतं. हे मात्र आधी किती करंट दिला त्याप्रमाणे आकडा बदलतं. तीस वर्षं तारा जोडल्या, पण असली आठवणीची तार नाही पाहिली. तुमचीच आहे की आमच्या घरची, ते तुम्ही बघा.

५. आता गेटवाला म्हणतो, बुरशी आत न्यायला लेखी परवानगी लागते. तीन दिवस हेलपाटे घालतोय. फडकं डब्यात घातलंय; डबा बंद ठेवला तर गुदमरेल, उघडा ठेवला तर सुकतंय. कडेचे धागे पिवळे पडलेत. मी तिला म्हटलं, आधी नोकरीचं बोलू. ती म्हणाली, "नोकरीचं मरू दे हो. ह्याला आत घ्यायला सांगा."

तेव्हा तिच्या नोकरीचा विचार तुम्ही सावकाश करा. खाली मात्र आत्ताच कुणालातरी पाठवा. ती गेटजवळच्या बाकावर बसलीय, ओंजळीनं पाणी शिंपडत.

आपला नम्र,
सफाईवाल्या बाईंचा नवरा
आज, सकाळी साडेनऊ

सोबत: फडकं एक, जिवंत.