दादाची फ्लॉपी

१२ मार्च १९९९, सांगली

दादा साताऱ्याहून आला, जेवून लगेच परत गेला. जाताना एक फ्लॉपी हातात दिली. “थोडं लिहिलंय. तूच वाच, क्षमे. तोंडानं सांगायला जमत नाही मला.”

गेल्या वर्षी अशाच एका बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि कॉम्प्युटरवरची माझी अर्धी कादंबरी गेली. तेव्हापासून नियमच केलाय – बाहेरचं काही आत घालायचं नाही. आमचे हे, नारायण, चिडवतात, “देवघरात नाही पाळलंस एवढं सोवळं!”

चिडवू देत. विश्रामबागेतला कॉम्प्युटर क्लासवाला नवा अँटिव्हायरस आणून देणार आहे. तोवर फ्लॉपी खणात.

२८ मार्च

दादाचा फोन. “वाचलंस?”

“हो तर! छान उतरलंय.”

का बोलले असं? तो म्हणाला, “छान?... बरं. ठेवतो.”

९ एप्रिल

अँटिव्हायरस अजून नाही. फ्लॉपी खणातच.

२६ एप्रिल

आजच्या तारखेला म्हणे एक व्हायरस जागा होतो. मी मशीनचं बटणही दाबलं नाही. क्लासवाल्याची तीन मशीनं बंद पडली – आणि मला, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटलं. किती सावध मी!

संध्याकाळी वहिनीचा फोन. “वन्सं, ह्यांचं लिहिलेलं मशीनवर कुठंच दिसत नाही हो. तुमच्याकडं आहे ना? सईचं. नदीच्या घाटावर नेलं होतं, त्या दिवसाचं.”

सई. आमची धाकटी बहीण. पाच वर्षांची होती, दादा अकराचा. तो एकटाच घरी परत आला होता. अडतीस वर्षांत त्यावर एक शब्द बोलला नाही.

आणि मी म्हणाले – छान.

२७ एप्रिल

क्लासवाला अँटिव्हायरस घेऊन आला. फ्लॉपी तपासली. व्हायरस नाही! पण लेखही नाही. दादानं फाइल उतरवलीच नव्हती, नुसता शॉर्टकट आलाय, फाइलकडं बोट दाखवणारं चित्र. “नवीन माणसाचं होतं असं,” क्लासवाला म्हणाला.

त्याच दिवशी उघडली असती तर? एका फोनचं काम होतं. “दादा, रिकामी आहे रे, पुन्हा पाठव.” आता त्याच्याकडचंही व्हायरसनं खाल्लं असणार.

२ मे, सातारा

दादाला खरं सांगितलं. वाचलं नव्हतं, भीतीनं उघडलीच नव्हती. तो अंगणात आंबे निवडत होता. मान वर न करता म्हणाला, “व्हायरस नाही गं आला माझ्याकडं. तू छान म्हणालीस ना, त्याच दिवशी मी पुसलं.”