कानानं पास केलेलं इंजिन

१६ ऑक्टोबर २००५, रविवार. अमरावती. सकाळी ६
लगागा लगागा लगागा लगागा. उठताना तोच आवाज कानात. वडिलांनी, म्हणजे दादांनी, लष्करी लिलावातून जीप आणली तेव्हा मी बारा वर्षांचा. वर्गात मास्तर टेबलावर पट्टी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे आणि संध्याकाळी पांदणीतून जीप तोच भुजंगप्रयात म्हणत घरी यायची. दादा म्हणायचे, गाडी लंगडते. दादांना कवितेचं अंग नव्हतं.
संकल्प: चार वर्षं अंगणात उभी असलेली जीप चालू करायची. १ जानेवारीला गोदाला शेजारी बसवून सेमाडोह. माझी पहिली नोकरी तिथली. लग्नानंतरची दोन वर्षं आम्ही शाळेमागच्या खोलीत काढली, सिपना नदीच्या काठी. निघताना तिला म्हटलं होतं, पुढच्या वर्षी जीपनं येऊ. पंचेचाळीस वर्षं झाली.
आज तिला बेत सांगितला. म्हणाली, "एसटी जाते नं तिकडं. जीपसाठी कावून थांबाचं?" प्रवास आणि पोचणं यांतला फरक बायकांना समजावणं कठीण.

१८ ऑक्टोबर, मंगळवार
रऊफ मेकॅनिक आला. माझाच विद्यार्थी, सातवीपर्यंत. कविता म्हणताना नेहमी अडायचा. भर वर्गात मी त्याला म्हटलं होतं, रऊफ, तुला कान नाही. तरी बिचारा येतो.
प्लग काढून एकेका सिलिंडरला मीटर लावला. म्हणे, "गुरुजी, तिसरा मेला. ब्लॉक बी तडकला. हे भंगारात द्या." आणि तिसऱ्या सिलिंडरशेजारी छिन्नीनं फुली मारली. दादांच्या इंजिनावर फुली! मी त्याला चहाही विचारला नाही.
नंतर त्याच्या गॅरेजवर गेलो. अंगणात विहिरीवरच्या पंपांची अकरा इंजिनं ओळीनं. विचारलं, एवढं काम? म्हणाला, यंदा दुरुस्तीले कोणी येत नाही गुरुजी, इकाले येतात. मी विषय बदलला. पेपरही मी हल्ली शेवटच्या पानापासून वाचतो आणि शब्दकोड्यापाशी थांबतो.

२३ ऑक्टोबर, रविवार
आनंद! अकोल्याहून श्यामचा फोन. माझा सर्वांत लाडका विद्यार्थी. काव्यगायनात चार वर्षं पहिला. आता परदेशी इंजिनांचा व्यापार करतो. जपानी माणूस म्हणे चार वर्षं वापरून इंजिन काढून टाकतो, आतून अगदी कोरं. माझ्यासाठी खास एक मागवतो म्हणाला. टेम्पो पाठवून जुनं इंजिन घेऊन गेला. "तुमची आठवण म्हणून ठेवतो सर." डोळे भरून आले.
इंजिन उतरवून देणारा रऊफ टेम्पोकडं बघत होता. एवढंच म्हणाला, आठवण लई जड हाये.

६ नोव्हेंबर, रविवार
कंटेनर समुद्रात आहे. रऊफनं इंजिन कसं तपासायचं ते सांगितलं. हात लावून बघा, थंडच पाहिजे. गरम असलं तर तुमच्या आधी चालवून ठेवलं समजा. तेलाचं झाकण उघडा, आत काळा गाळ नको. धूर निळा नको. आणि मुख्य म्हणजे कॉम्प्रेशन (आतला दाब), चारही सिलिंडरचं सारखं पाहिजे. मीटर घ्या माझा. नाहीतर मीच येतो.
नको म्हटलं. मेकॅनिक घेऊन गेलो तर श्यामचा अपमान. विद्यार्थ्यावर मीटर लावायचा? यादी मात्र वृत्तात बसवली, म्हणजे विसरणार नाही: पहा तेल आधी, पहा धूर मागे. छान चाललं होतं. 'कॉम्प्रेशन' हा शब्द काही केल्या बसेना. दोन दिवस झटलो. शेवटी वगळला.

२० नोव्हेंबर, रविवार
कंटेनर अजून समुद्रात. गोदानं स्वेटर, कानटोपी, फराळाचा डबा काढून ठेवला. विश्वास असावा तर असा! रऊफची बायको रहिमाबी आली होती. दोघींचं काहीतरी ठरत होतं. मी जाताच गप्प.

४ डिसेंबर, रविवार. अकोला
सकाळच्या एसटीनं आलो. श्याम स्टँडवर घ्यायला. जठारपेठेतल्या त्याच्या घरी वरण-भात, पुरण. मग बाळापूर रोडवरच्या शेडमध्ये. सिमेंटच्या ओट्यावर इंजिन, चांदीसारखं चकाकणारं. कान लावण्याआधी हात लावला. गरम! माझी वाट बघत आधीच तापवून ठेवलेलं. एवढी आस्था आता कुठं राहिली? तेलाचं झाकण उघडेना. श्याम म्हणाला, रंग ओला आहे सर, हात भरतील. बाजूला एक बारीक फुली कोरलेली दिसली. विचारलं. म्हणाला, जपानी अक्षर आहे, 'तपासलं' असा अर्थ होतो. केवढी शिस्त त्या लोकांची!
मग त्यानं चालू केलं.
लगागा लगागा लगागा लगागा.
मी खाली बसलो. अंगावर काटा. सात समुद्रांपलीकडं घडलेल्या यंत्रातही तेच वृत्त! धूर जरा निळसर, पण मोरपिशी छटेचा. श्याम म्हणाला, सर, तुमच्या कानापुढं मशीन काय करणार? दोन ओळी लिहून द्या, आशीर्वाद म्हणून. तिथंच सुचल्या:
खरे इंजिनाचे असे गीत आहे
तपासून कानी दिली मान्यता मी
खाली सही, निवृत्त मुख्याध्यापक वगैरे. त्यानं माझा फोटोही काढला.

११ डिसेंबर, रविवार. सायंकाळी ५
अकोल्याहून इंजिन आलं. रऊफ बसवायला आला. उतरवताना बोल्टची भोकं जुळतात का बघितलं. सगळी जुळली, जशीच्या तशी. मी म्हटलं, बघ, जपानी माप! त्यानं पेचकसानं चांदी रंग थोडा खरवडला. मग मीटर लावला. एक, दोन, चार ठीक. तिसऱ्यावर काटा हललाच नाही. मग त्यानं गोदाला हाक मारली, "काकू, गुरुजींले पाणी द्या आधी."
म्हणाला, "गुरुजी, हे इंजिन मी ऑक्टोबरमधीच काढलं होतं. हे माहीच फुली."
मी म्हटलं, पण त्याचं गाणं? म्हणाला, "चांगलं इंजिन गात नसते. नुसतं चालते. एक सिलिंडर मेला की मंग असं अडखळते. वर्गात मी अडखळत होतो तसं."
गोदानं स्वेटरची घडी उलगडून पुन्हा घातली.

सायंकाळी ७
शांतपणे विचार केला. श्यामला माहीत नसावं. कामगारांनी अदलाबदल केली असणार. उद्या फोन.

१२ डिसेंबर, सोमवार
नऊ फोन. उचलत नाही. कामात असेल.

१३ डिसेंबर, मंगळवार
न कळवता अकोल्याला गेलो. श्याम शेडमध्ये होता. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "सर, मी परदेशी म्हटलं, परदेशीच आहे. लढाईत अमेरिकेतून आलेलं. अन् पास तर तुम्हीच केलं." मी म्हटलं, तू जपानी म्हणाला होतास. म्हणाला, तुम्हाला ऐकायला बरं वाटत होतं सर.
परतीच्या एसटीत एक गोष्ट आठवली. पहिल्या काव्यगायनाच्या दिवशी त्यानं कविता तळहातावर लिहून आणली होती. मला दिसलं होतं. आवाज इतका गोड होता की मी खिडकीबाहेर बघितलं.
संकल्प: त्याचं तोंड पाहायचं नाही. संकल्प दुसरा: जीप विकायची. (यावर पुन्हा विचार करू.)

३१ डिसेंबर, शनिवार
गोदाला म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत थांब, दुसरं इंजिन बघतो. म्हणाली, "मी उद्या चालली. रहिमाबी येते संगं. तिकिटं आधीच काढली." आधीच म्हणजे कधी? "तुमचा कंटेनर समुद्रात होता तवा." तिसरं तिकीट काढलं होतं का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

१ जानेवारी २००६, रविवार. सकाळी ७
गेल्या. रऊफनं स्टँडवर सोडलं. माझ्यासाठी भाकरी आणि झुणका झाकून ठेवलाय. आपल्याच घरात दगा. सगळ्यांनी मिळून. श्याम परका तरी होता.

दुपारी १
दार वाजलं. वाटलं, गोदाच. परतवाड्याहून मागं फिरली, माझ्यावाचून करमलं नाही. घाईत चष्मा न लावता दार उघडलं.
अनोळखी बाई. साठीची, पायांवर धूळ, हातात प्लास्टिकमध्ये बसवलेला एक कागद. म्हणाली, उत्तमराव मास्तर तुमीच काय? मी हो म्हटलं. नाव मैनाबाई. बाळापूरची. बैलजोडी मोडून बाळापूर-अकोला काळीपिवळी टॅक्सी घेतली, पोरगा चालवतो. तिचं इंजिन गेलं म्हणून श्यामभाऊकडून परदेशी घेतलं. पाच दिवस चाललं. आता शेडला कुलूप आहे. दोन एसट्या बदलून माझा पत्ता विचारत आली.
कागद पुढं केला. माझा फोटो, माझी सही. दोन ओळी, ठळक छापलेल्या. तिला वाचता येत नाही. गावातल्या कोणीतरी वाचून दाखवलं, की एवढ्या मोठ्या मास्तरानं पास केलंय म्हणून.
मी म्हटलं, बाई, हे तुमच्या इंजिनाबद्दल नाही, हे माझ्या…
"तुमी आयकलं म्हणे मास्तर. मंग सांगा, आता मी काय आयकू?"
पाणी दिलं. गोदाची भाकरी वाढली. खाल्ली नाही, पदरात बांधून घेतली, पोरासाठी. ओट्यावर बसली आहे. मी म्हटलं, एक मिनिट, आत जाऊन येतो. आत येऊन, ओट्यावरून दिसणाऱ्या खिडकीशी बसून, हे लिहितो आहे. लिहिलं की मला सुचतं. रऊफला बोलवावं. त्याच्यासमोर उभं राहायचं कसं, तेवढं सुचलं की उठतोच. पोलिसांत द्यायचं तर कागदावर सही माझी. दोन ओळींत वृत्ताचा एकही दोष नाही, पुन्हा तपासल्या.
बाहेरून हाक येते आहे.
"मास्तर, लिहून झालं काय?"