आधी ताट, मग सुई

६ जानेवारी, सोमवार

वॉर्डात तीन पाटील! सुरतेतला गोडादरा म्हणजे निम्मं खानदेशच, इथल्या हॉस्पिटलात पाटील असणारच, पण तिघं एकाच ओळीत आणि तिघांनाही साखरेचा आजार. सकाळची औषधं देताना चार नंबरच्या काकांना मुद्दाम विचारलं, तुम्ही मगन पाटील ना? म्हणाले, हो. मग योगेश पाटील? त्यालाही हो! मनगटावरची पट्टी बघितली तर शालिग्राम पाटील. म्हटलं, काका, आईबापाने ठेवलेलं नाव तरी सोडू नका. तर म्हणतात, सिस्टर म्हणते म्हणजे असेल.

म्हणून तर शोभाबेनचा नियम आहे. शोभाबेन आमच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. पक्क्या सुरती, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आवाज अजून जिन्यापर्यंत पोचतो. नाव आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. मग पट्टी बघायची, मग औषध, मात्रा, तोंडातून की सुईने, आणि वेळ. सगळं जुळलं तरच हात पुढे. सहा वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकीच्या तोंडात गेलेली नाही. हे इथेच लिहिते. मोठ्याने बोलले तर दृष्ट लागायची.

८ जानेवारी, बुधवार

लेकीला मराठीत रागावले. हर्षदाने गुजरातीत उत्तर दिलं. नवरा, चेतन, हिंदीत हसला. माझं घर!

९ जानेवारी, गुरुवार

शालिग्राम काकांना आज घरी सोडलं. बावन्न वर्षांचे, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर, धुळ्याकडचे. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली आहे. सकाळी आणि संध्याकाळी, खाण्याआधी अर्धा तास. शिकवायचं काम माझं. ते मला आवडतं, आणि मी ते चांगलं करते! सुई कुठे टोचायची, जागा रोज कशी बदलायची, सगळं दाखवलं. घरात फ्रिज नाही. मग मातीच्या माठात पाणी, त्यात घट्ट झाकणाचा डबा, डब्यात बाटली. काकू, म्हणजे रुक्मिणीबाई, हे ऐकून खूष झाल्या. माठ त्यांच्याकडे होताच.

काकू म्हणत होत्या, औषध मीच सांभाळते. त्यावर माझा नेहमीचा किस्सा सांगितला. माझी माय शाळेत गेलेली नाही. आबांच्या साखरेच्या गोळ्या पदराला गाठ मारून ठेवायची. आबा खात्यातून थकून यायचे, गोळी मागायचे, आणि ही बाई आपली भाकरी थापत बसायची! तसं करू नका बरं का. ज्याचं औषध त्याच्या हातात. सगळी ओळ हसली. हा किस्सा कधी वाया जात नाही.

शेवटी विचारलं, समजलं ना? काकांनी मान हलवली. फॉर्मवर "रुग्णास समजले" लिहून सही केली. एकूण वीस मिनिटं लागली. बाकीच्या सिस्टर पाच मिनिटांत उरकतात.

१४ जानेवारी, मंगळवार

उतराण, म्हणजे पतंगांची संक्रांत. सगळं गाव गच्चीवर. उंधियू जास्त झालं, तिळाची चिक्की त्याहून जास्त. मांजाने कापलेली तीन बोटं शिवली, एक माझ्याच नवऱ्याचं! तक्रार काही नाही.

१८ जानेवारी, शनिवार

अकराच्या सुमारास रिक्षातून पेशंट आणला. त्याच्या शेजारी राहणारा लोटू रिक्षावाला खांद्यावर घेऊनच आत आला. घामाने निथळत, शुद्ध नाही. चेहरा ओळखीचा होता. शालिग्राम काका!

साखर तपासली, अठ्ठावीस. सत्तरच्या वर हवी. शीर लगेच सापडली. ग्लुकोज गेलं आणि पाच-सात मिनिटांत डोळे उघडले. नाव विचारलं. या वेळी बरोबर सांगितलं.

मग ज्याने त्याने काकांना सुनावलं. डॉक्टर म्हणाले, सुई घेऊन खात नाही म्हणजे काय? वॉर्डबॉयसुद्धा म्हणाला, ही माणसं ऐकतच नाहीत. मीही त्यात होते! म्हटलं, काका, एवढं समजावलं होतं ना.

ते हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगं व्हतं ना सिस्टर, सुई टोचाना नंतर अर्धा तास थांबानं. मी थांबनू. आडा पडनू नि डोया लागी गया."

काका बारा तासांची रातपाळी करून सकाळी सातला सुटले. साडेसातला घरी. सांगितल्याप्रमाणे सुई टोचली. सांगितल्याप्रमाणे अर्धा तास थांबायला म्हणून आडवे झाले. काकूंनी ताट वाढून झाकून ठेवलं, पडदा ओढला, पोरांना गल्लीत हुसकलं. साडेदहाला उशी ओली दिसली म्हणून हलवलं. आधी का नाही उठवलं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "रातपायीना मानूसले कोनी उठाडस का?"

कोणी उठवत नाही. मला माहीत आहे ते.

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी. कपडे धुतले, डाळ निवडली, मन लागेना.

आबांनी तीस वर्षं खात्यात काढली. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. गोडादऱ्यात आमच्या गल्लीत सकाळी आठनंतर भांडं वाजलं तर शेजारीण दारातून डोळे वटारायची. कोणाच्या ना कोणाच्या घरी रातपाळीचा माणूस झोपलेला असायचाच. आमची शाळेची उजळणीसुद्धा ओठातल्या ओठात. मी त्या गल्लीत वाढले! आणि लूमवर काम करणाऱ्या माणसाला सांगते, सकाळी सुई घ्या, अर्धा तास थांबा, नाश्ता करा. कोणती पाळी आहे हे विचारलंच नाही. जणू तो बँकेत साहेब आहे.

आणि ते "समजलं ना?" नाव विचारताना मी शहाणी. तिथे माहीत असतं, हा माणूस कशालाही हो म्हणतो. तीन दिवसांनी त्याच माणसाला विचारलं समजलं ना, आणि त्याच्या हो वर सही ठोकली.

शोभाबेनची एक वही आहे. ज्याच्या हातून चूक झाली, होता होता राहिली, त्याने स्वतः लिहायची. माझं नाव त्यात एकदाही नाही. याचा मला केवढा गर्व! सगळ्यांनी चूक काकांच्या माथी मारलीच आहे. मला कोणी काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. गप्प बसले तर माझी पाटी कोरी.

पण मग बुधवारी ते वॉर्डातून घरी जाणार, त्याच कागदासह. पुढच्या खेपेला काकू उशीकडे बघतील न बघतील.

२० जानेवारी, सोमवार

लिहिलं. सहा ओळी. पाळी विचारली नाही, समजल्याची खात्री केली नाही, खाली सही.

शोभाबेनने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं आता जिन्यापर्यंत आवाज जाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "माथुं तो बधा हलावे, उज्ज्वला. एने बोलाव." मान सगळेच हलवतात, त्याला बोलता कर. मग मला घेऊन तडक डॉक्टरांकडे. आधी डॉक्टरांचं तोंड वाकडं झालं, पण शोभाबेनपुढे कोणाचं चालतं? काकांच्या दोन्ही पाळ्यांची वेळ कागदावर मांडली. रातपाळी असो की दिवसपाळी, त्यांची दोन मोठी जेवणं ठरलेली: खात्यावर जायच्या आधी आणि खात्यावरून आल्यावर. डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि सुई दुसरी दिली. ही जेवायला बसताना घ्यायची. अर्धा तास थांबणं बंद.

बाहेर आल्यावर भूक लागली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

२२ जानेवारी, बुधवार

आज शिकवताना घड्याळाचं नाव काढलं नाही. किचनमधून ताट मागवलं, दोन पोळ्या, वरण, भाजी. काकांसमोर ठेवलं. म्हटलं, हे दिसल्याशिवाय सुई बाहेर येणार नाही. पाळी कोणतीही असो. आधी ताट, मग सुई, आणि लगेच घास. जेवायचं नसेल, उलटी होत असेल, तर जेवणाची सुई टोचायची नाही, आम्हाला फोन करायचा. घाम सुटला, हात कापले, डोकं गरगरलं, की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग जेवायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ लोटूची रिक्षा.

मग काकूंकडे वळले. बाटली आणि सुया तुमच्या ताब्यात. ताट वाढलं की तुम्ही हातात द्यायची. काकू घुटमळल्या. म्हणाल्या, पण तुम्हीच तर म्हणाला होतात, ज्याचं औषध त्याच्या हातात, तुमच्या मायसारखं करू नका. म्हटलं, ते विसरा. मायची गोष्ट वेगळी होती.

समजलं ना, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, काका, मी तुमच्या खात्यातली नवीन कारागीर आहे, मला काही माहीत नाही, मला शिकवा. आधी लाजले. मग असे सुटले! ताट पुढे ओढलं, हात धुतला, बाटली हातावर फिरवून बघितली, नाव वाचलं, मात्रा भरली, मला दाखवली. साखरेचं सांगायला विसरले. काकूंनी मागून टोकलं. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसऱ्या खेपेला पूर्ण बरोबर. चाळीस मिनिटं लागली, दोन सलाईन बदलायला उशीर होत होता, त्या शोभाबेनने स्वतः बदलल्या.

फॉर्मवर या वेळी "समजले" लिहिलं नाही. "स्वतः करून दाखवले, विसरलेले पत्नीने सांगितले" असं लिहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

काकांच्या घरी फोन. काकू म्हणाल्या, झोपायची घाई करत होते, ताट संपेपर्यंत समोरून हलले नाही मी. मला एवढा आनंद झाला की दुपारचा चहा सगळ्या वॉर्डला पाजला.

२९ जानेवारी, बुधवार

शालिग्राम काका तपासणीला आले. रातपाळी करून, जेवून, झोप काढून मग! वहीत रोजची साखर लिहून आणली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एकदाही खाली गेलेली नाही. बरोबर खात्यातले दोघं आणलेत, दोघांनाही साखर, दोघंही रातपाळीला. त्यातला एक मगन पाटील! काका त्यांना बाकावर बसवून शिकवत होते आणि मध्येच दरडावत होते, मान नका हलावू, सांगा. शोभाबेन दारातून बघून गेल्या.

आता वॉर्डाच्या कागदावर नवीन ओळ आली आहे: कामाची पाळी कोणती? छापून आलेली पाहिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. काय वेडेपणा! एका ओळीसाठी.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या चलथाणला, माझ्या भावाकडे, गोपालदादाकडे. माय आणि आबा तिथेच असतात. हर्षदाही येते म्हणाली, गुजरातीत. मायला सगळं सांगणार आहे. तिला कळू दे, लेकीने काय युक्ती काढली ते.

२ फेब्रुवारी, रविवार

साखर कारखाना जोरात, सगळीकडे मळीचा वास. माय शेंगा सोलत होती. मी फुशारकीने सांगितलं, पाळी, ताट, सुई, काकूंचा पहारा, सगळं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुना बाप रातपायीथून ये, गोयी खाये नि आडा पडे. तू तव्हय धाकली व्हती. एक डाव उठनाच नही. मंग मी गोयी पदरले बांधी. ताट पुढे ठेवू, दोन घास खाये, मंग गाठ सोडू."

सहा वर्षं मी या बाईवर लोकांना हसवलं. विचारलं, कधी सांगितलं नाहीस?

"कोनी इचारंच नही."

मग जेवायला बसलो. आबांनी दोन घास खाल्ले, आणि मायने पदराची गाठ सोडली.