तिचं प्रथमफळ

३ सप्टेंबर, मंगळवार

पाकीट आलं. चष्मेवाला स्वतः घेऊन आला — आमची लेक भिंगरी ज्याच्या दुकानात कामाला होती, तो मालक. दारात बूट काढले, आत आला, बसा म्हटलं तरी बसला नाही. पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं. म्हणाला, तिचा महिना पुरता भरला नव्हता, पण मी काही कापलं नाही वहिनी, पगार पूर्ण आहे.

मी हात पुढे केलाच नाही. ह्यांनी घेतलं. वर आभार मानले, चहा विचारला, दुकान कसं चाललंय तेही विचारलं! जणू पाहुणाच आला होता. तो गेल्यावर पाकीट कपाटावर पवित्र शास्त्राशेजारी ठेवलं आणि म्हणाले, रविवारी देऊन टाकू. विजेचं बिल भरून टाकू म्हणावं, तसं.

मी म्हटलं, नाही.

पुढे लिहवत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आमच्या घरात पहिला पगार अख्खा मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला जातो. प्रथमफळ. त्यानंतर दर महिन्याला दशमांश — दहातला एक बाजूला, मग बाकीचं घर. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागले तेव्हा उपाशी राहिले, पण दिला. मी लॉन्ड्रीत लागले तेव्हा मीही दिला. कुरकुरत दिला, पण दिला.

भिंगरीनं तर नोकरी लागायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. तोंडात घास, आणि बोट वर — "पहिला देवाला, दुसरा आईला, तिसऱ्यापासून मी कुणाला ओळखत नाही!" ह्यांना हसता हसता ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारत होते आणि ती पाणी द्यायचं सोडून आणखी हसवत होती.

त्या दिवशी दुकानात एका आजोबांना फ्रेम चढवून आरसा दाखवत होती. आरसा हातात धरूनच खाली बसली म्हणे. डोक्यात रक्त फुटलं होतं. बावीस वर्षांची धडधाकट पोर, कधी साधा ताप आला नाही! सगळे म्हणतात, प्रभूजवळ गेली. मी नुसतं गेली म्हणते.

देवानं पोरगी घेतली. आता त्याला तिचा पगारही हवाय.

५ सप्टेंबर

हे म्हणाले, तिचा शब्द आहे. मी म्हटलं, शब्द देणारी कुठाय?

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. बाळंतपण सोडलं तर रविवारी घरी बसायची ही पहिलीच वेळ.

हे सकाळी नेहमीसारखे मोरीत हात घासत बसले होते. लिफ्टचं ग्रीस नखांतून निघत नाही, आणि चर्चमध्ये दानाची थैली फिरवायची म्हणजे हात स्वच्छ हवेत! दर रविवारी कपड्यांच्या साबणाचा चुरा घेऊन कोपरापर्यंत घासतात. लग्न झाल्यापासून बघतेय. मग इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाकिटाला हात लावला नाही, तेवढं मान्य करायला हवं. एकटे गेले.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची इकडून तिकडे ओढत होतं. सकाळभर तेच ऐकत बसले.

भिंगरी लहान असताना ह्यांनी तिला दहा गोळ्या दिल्या आणि शिकवलं, यातली एक देवाची. कार्टीनं विचारलं, मग देवाची गोळी खायची कुणी?  रविवारी तिनं ती गोळी मुठीतून नेली आणि सरळ थैलीत टाकली. उन्हाळ्याचे दिवस. सगळ्या नोटा एकमेकींना चिकटल्या! दान मोजणाऱ्या मंडळीच्या वडीलबाई भडकल्या, तर हे म्हणाले कसे — "बाई, अख्ख्या मंडळीत आज प्रामाणिक दान तेवढंच आलंय." आणि घरी बसून एकेक नोट ओल्या फडक्यानं पुसली.

कुणाला सांगू हे? ज्यांना सांगायचं ते तिकडे थैली फिरवतायत.

११ सप्टेंबर, बुधवार

हॉटेलच्या चादरी आल्या होत्या, ढीगभर. चादरीची घडी दोघींशिवाय होत नाही — एकीनं इकडची टोकं धरायची, दुसरीनं तिकडची, झटकायची, आणि समोरासमोर चालत यायचं. माझी जोडीदारीण तोंडाचा पट्टा बंद न ठेवणारी. पण भिंगरी गेल्यापासून तीही चादरीआडून हळूच बघते आणि गप्प राहते. आज मीच सांगितलं पाकिटाचं.

ती म्हणाली, तुमचा देव हप्ते बरे वसूल करतो! मग स्वतःच वरमली. म्हणाली, एक सांगू? तिच्या नावानं काहीतरी वस्तू घे. घरात राहील.

दिवसभर विचार केला. पंखा घेऊ? घड्याळ? आणि रोज त्याच्याकडे बघून काय म्हणू — ही माझी मुलगी?

हे जेवताना म्हणाले, हे पैसे आपले नाहीतच. आपण मालक नाही, कारभारी आहोत. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! एरवी त्यावरून थट्टाही केलीय — देवाचे कारभारी बाहेर, माझे कारभारी घरात, दोन्हीकडे हिशेब चोख ठेवा हं. आज थट्टा सुचली नाही. विचारलं, पोरगीही कारभाराला दिली होती का? मुदत संपली, परत घेतली?

ताटावरून उठले. अर्धं जेवण तसंच. मला वाईट वाटलं नाही, हेच मला वाईट वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार

नाही गेले. बोलणंही नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

चर्चचे पाळकसाहेब आले होते. नवीन आहेत, कोवळं पोर, माझ्या भिंगरीहून चार वर्षांनी मोठे असतील. ह्यांनी काही सांगितलं नसणार. मी दोन रविवार दिसले नाही म्हणून आले. पण पाकिटाचं मंडळीत कळलंय. चष्मेवाल्याची बायको आमच्या मंडळीतलीच.

खुर्चीच्या कडेवर बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, मावशी, ते देण्याचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही. दान आनंदानं द्यायचं असतं. तुम्हाला नाही द्यायचं तर देऊ नका, कुणी नावं ठेवणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी सूट मागायला गेले होते का? पुढे म्हणतात, "प्रभूला पैशांची गरज नसते, मावशी."

मी म्हटलं, "मग मुलीची होती?"

बिचाऱ्याचा चेहरा पडला. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातात धरून बसून राहिले. प्रार्थना करू का, असंही विचारायचं धाडस झालं नाही. जाताना एवढंच म्हणाले, मला माहीत नाही मावशी. त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेलं सगळ्यात खरं बोलणं! पुस्तकातलं काही सांगितलं असतं, तर दार दाखवलं असतं मी.

२० सप्टेंबर

कामावर गेले. आले. तिच्या अंगाचा वास उशीतून गेलाय.

२२ सप्टेंबर, रविवार

आज बोललो. दुपारी हे चर्चमधून आले, शर्टही बदलला नाही, तसेच भांडी घासायला उभे राहिले. मला पाठमोरे. मी ठरवूनच विचारलं — एवढा कसला हट्ट? पाळकसाहेब नको म्हणतात, देव काही मागायला आलेला नाही. पाकीट जरा पडून राहिलं तर तुमचं काय बिघडतंय? की मंडळीत मान जातो?

नळ चालूच ठेवला. मग तोंड न वळवता बोलले.

"तू चिडू शकतेस. तुला जमतं. मी एकदा हात आखडला, की मग बाकीचंही खोटं म्हणावं लागेल. सगळंच. मग ती कुठे आहे? सांग ना, कुठे आहे मग ती?"

मी त्यांच्या हातातली ताटली घेतली, पुसली. पुढची घेतली. सगळी भांडी झाली, तरी दोघंही तिथेच.

इतके दिवस वाटायचं, हा माणूस दगड आहे. दफनाच्या दिवशीसुद्धा लोकांना खुर्च्या लावून देत होते! मी मनात केवढे शिव्याशाप दिले. आणि हे रोज सकाळी उठून एकच गोष्ट धरून ठेवत होते, दोन्ही हातांनी — की ती कुठेतरी आहे. त्यासाठी दिलेला शब्द पाळायचा, थैली फिरवायची, चष्मेवाल्याला चहा विचारायचा. जराही सैल सोडायचं नाही.

माझं माणूस मला कळलं नाही. फार रडले. हे नाही रडले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

देणार आहे. देवासाठी नाही, त्याच्याशी माझं बोलणं अजून बंद आहे. ह्यांच्यासाठी.

ह्यांना सांगितलं, तर नुसती मान हलवली. मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना.

२९ सप्टेंबर, रविवार

दिलं.

मधल्या ओळीत बसले, नेहमीच्या जागेवर, शेजारची जागा रिकामी. कुणी तिथे बसलं नाही, मीही पर्स ठेवली नाही. पाकीट मांडीवर. उघडून बघितलं नाही, किती आहेत ते मला माहीतच नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

दानाचं गाणं सुरू झालं. हे एकेका बाकावरून येत होते — घासून लाल झालेले हात, मखमली थैली, खाली घातलेली नजर. माझ्यापाशी आले. मी पाकीट टाकलं. थैली जराशी खाली गेली.

आणि हे पुढे जाईनात.

गाणं संपलं. पेटी वाजवणाऱ्यानं तेच कडवं पुन्हा धरलं. तेही संपलं. हे थैलीत बघत उभे. मी हळूच म्हटलं, "अहो, चला पुढे." ऐकूच गेलं नाही. शेवटी मागच्या बाकावरचे आजोबा उठले, त्यांनी ह्यांच्या मुठीतून थैली सोडवून घेतली आणि पुढे नेली. ह्यांचे हात तसेच, काहीतरी धरल्यासारखे. मी बाही धरून शेजारी बसवलं. तिच्या जागेवर.

घरी आल्यावर एकच वाक्य बोलले.

"आता तिचं काहीच यायचं राहिलं नाही."

२ ऑक्टोबर

हे कामावर जातात, येतात. विचारलेल्याला उत्तर देतात. आज एका इमारतीत लिफ्टमध्ये बाई आणि मूल अडकलं होतं, ह्यांनी काढलं. मूल घाबरलं होतं का, विचारलं. हो म्हणाले. एरवी अशा गोष्टी तासभर रंगवून सांगायचे, भिंगरी मधे मधे फोडणी घालायची.

मी बोलत राहते. इतकी वर्षं मी ऐकणारी होते, ते दोघं बोलणारे. आता काय बोलायचं तेही सुचत नाही. चादरींचं सांगते.

५ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांचा शर्ट मी इस्त्री करून ठेवला.

६ ऑक्टोबर, रविवार

आज दशमांश द्यायचा रविवार. दानाचं गाणं सुरू झालं आणि हे उठलेच नाहीत. थैली समोर टेबलावर तशीच. पाळकसाहेब बघतायत, लोक बघतायत. पहिलं कडवं सरत आलं, तेव्हा मी उठले. थैली कशी धरतात तेही मला माहीत नव्हतं. एकेका बाकावरून फिरवत आले. ह्यांच्यापाशी थांबले.

ह्यांनी काहीच टाकलं नाही.