अष्टमीच्या ओहोटीचा माग

आई,

तू इंटरनेटवर आहेस. नाव नाही, फोटो नाही, पण आहेस, आणि एका नव्हे, सात-आठ वेबसाइटवर आहेस. तू असताना इंटरनेट म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानात तासाच्या भाड्यावर मिळणारी गोष्ट होती. आता ते माझ्या मोटार-पंपाच्या दुकानात, वाइंडिंगच्या टेबलाशेजारी अखंड चालू असतं. मी तुला शोधायला बसलोच नव्हतो. मी किनाऱ्यावरच्या गोड्या विहिरीचा इतिहास शोधत होतो. समुद्राकडेचा रस्ता रुंद होणार आहे, त्याच्या आखणीत आपली विहीर येते. एप्रिल-मेमध्ये नळ आटले की अजूनही अख्खी आळी तिथेच कळश्या घेऊन उभी असते, हे तुला सांगायला नको. विहीर वाचवायची तर अलिबागच्या कार्यालयात अर्ज करायचा, विहिरीला काही पूर्वापार महत्त्व आहे असं दाखवायचं, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते लिहायचं. हे काम पंचायतीने माझ्यावर टाकलं, कारण गावात सगळ्यात चिकट माणूस मी आहे असं सरपंचबाईंचं मत आहे. मत बरोबर आहे.

मी दहावीनंतर शाळा सोडली हे कुणापासून लपवत नाही. उलट दोनदा सांगतो. मोटारीचं काम पुस्तकं फाडून-जोडून शिकलो, कॉम्प्युटरही तसाच. वायरीच्या रंगावर मी कधी विश्वास ठेवला नाही, आधी कुणी हात मारून गेलेला असतो. मीटर लावल्याशिवाय तारेला हात नाही. वेबसाइटलाही तसाच मीटर लावायचा असं मी ठरवलं. लिहिणारा कोण? तो इथे येऊन गेला का? केव्हा लिहिलं? त्याला कुणी सांगितलं? आणि हे सांगून त्याला काय विकायचं आहे? पहिल्याच पानावर विहिरीचा फोटो, तर त्याला दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना हत्ती! आपल्या विहिरीला पायरी कधी होती? ते पान एका रिसॉर्टचं निघालं, फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातला. पुढच्या ठिकाणी ‘इतिहासकारांच्या मते’ असं, पण इतिहासकार कोण ते नाही. कुणी विहीर नवाबाच्या काळात नेऊन ठेवलेली, कुणी त्याच्याही मागे. एकाने तर विहीर खोदणाऱ्या सुनेला राणीच करून टाकलं. पण गोष्ट सगळीकडे तीच. डोंगरापलीकडची एक सून किनाऱ्यावर येते, तिला मचूळ पाणी गिळवत नाही, अष्टमीला समुद्र लांब मागे हटतो तेव्हा ती वाळूत करवंटीने उकरते आणि गोडं पाणी लागतं.

अष्टमी वाचली आणि माझा हात माउसवरच थांबला.

तू स्वयंपाकघरात उभी आहेस. आपल्याकडे पैसे देऊन जेवायला येणारे मुंबईचे पाहुणे पडवीत पाटावर बसलेत, तू तांदळाची भाकरी थापतेस आणि तिथूनच, चुलीकडे तोंड करून, मोठ्याने गोष्ट सांगतेस. ‘मग आठमी आली, दर्या पार लांब गेला...’ बाबा ओहोटीला जाऊन आलेले, जाळं झटकता झटकता हसतात. ‘आठमीला भांग असतो गं बाय, दर्या ना पुढं येत ना मागं जात. उधाण अमावास्या-पुनवेला, लांब ओहोटी बी तेव्हाच. डोंगरापल्याडच्या तळा गावची पोर ती, हिला भाताची खाचरं ठाऊक, दर्या काय ठाऊक!’ पाहुणे हसतात, तूही हसतेस, आणि पुढच्या पाहुण्यांना पुन्हा अष्टमीच सांगतेस. एकदा मीच मध्ये तोंड घातलं, पाहुण्यांदेखत तिथी सुधारली. ते गेल्यावर तू मला आत बोलावलंस. हात पिठाचे, आवाज अगदी हळू. ‘गोष्ट माझी हाय ना? मग चूक पण माझीच राहू दे. तुला बरोबर सांगायचंय तर तुझी येगळी सांग.’ मला तेव्हा राग आला होता. माझंच बरोबर होतं ना!

आता कळतं की त्या चुकीनेच माग लागला. किनाऱ्यावर जन्मलेलं पाच वर्षांचं पोरसुद्धा अष्टमीला दर्या लांब गेला असं म्हणणार नाही. ही चूक करायला माणूस डोंगरापलीकडून लग्न होऊन यावा लागतो, आणि नवऱ्याने कितीदा सांगितलं तरी न ऐकणारा लागतो. मी सगळी पानं तारखेने लावली, कुणाचं वाक्य कुणाकडे गेलं ते जुळवलं. एका पानावर मात्र पौर्णिमा होती. आई, मी खुर्चीतून उठलो! म्हटलं, हा दुसरा उगम, तुझ्याशी संबंध नसलेला, कुणा जाणत्याकडून आलेला. चहा मागवला, पान अगदी तळापर्यंत वाचलं. तळाशी प्रामाणिकपणे लिहिलेलं: मूळ माहिती अमुक ब्लॉगवरून, भरती-ओहोटीचा विचार करून तिथी दुरुस्त केली. म्हणजे त्या माणसानेही माझ्यासारखंच मध्ये तोंड घातलं होतं. तो अमुक ब्लॉग सगळ्यांत जुना. त्यात एका प्रवाशाने बांगड्याच्या आमटीचं कौतुक केलंय, सोलकढी दोनदा मागितल्याचं लिहिलंय, आणि मग म्हटलंय, ‘वाढता वाढता त्या घरच्या काकूंनी विहिरीची गोष्ट सांगितली.’ त्याच्या मागे काही नाही. सगळ्या वाटा तुझ्या चुलीपाशी येऊन थांबतात.

सरपंचबाईंना हे सांगायला गेलो तर त्या ओटीवर सोडे निवडत बसलेल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, आठ ठिकाणी छापलंय, सगळ्याच्या प्रिंटी काढून लावा की.’

‘आठ नाहीत, एकच आहे. सात जणांनी एकाचं उतरवलंय.’

‘तो एक कोण?’

‘माझी आई.’

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. ‘व्हय? मग तर झालंच. तिच्या हातचं मी खाल्लंय. ती कशाला खोटं बोलंल?’

‘खोटं बोलली असं म्हणत नाही. तिला कुठून कळलं ते मला माहीत नाही.’

‘तुमचं म्हणजे आंब्याला विचारायचं, बाबा तू कुठल्या फांदीचा! रस्ता आला तर पोरीबाळींनी मे महिन्यात पाणी कुठून आणायचं, ते सांगा आधी. लिवा, आई इतिहासकार होती.’

त्या चेष्टेत बोलल्या, पण नजर चेष्टेची नव्हती. त्यांचंही चूक नव्हतं. आठ प्रिंटांनी फाइल जाड झाली असती, आणि जाड फाइल बघून माणूस दबतो हे मलाही कळतं. पण समोरच्याने माझ्यासारखा मीटर लावला तर? एक खोटा संदर्भ सापडला की विहीरही खोटी ठरते.

म्हणून ठरवलं, तुझंच नाव लिहायचं. माहिती देणाऱ्याचं नाव, मूळ गाव. आणि पेन अडकलं. सासरचं नाव होतं. माहेरचं, लग्नाआधी तुला हाक मारायचे ते, मला ठाऊकच नव्हतं. उभ्या तालुक्यातल्या कुठल्या विहिरीवर कितीचा पंप बसलाय हे मी झोपेत सांगेन. मामाला फोन केला. त्याने ते नाव असं हाक मारल्यासारखं उच्चारलं की क्षणभर वाटलं पलीकडून कुणी ‘ओ’ देईल. इथे लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. मग गोष्टीचं विचारलं. मामा खो खो हसला. ‘तुझी आई? अरे, तिनं मला सांगितलेलं आपल्या खाचरात सुसर हाय! दोन पावसाळे मी लावणीला उतरलो न्हाय!’ मग म्हणाला, ‘पण ही विहिरीची आमच्याकडं कधी ऐकली न्हाय. तसं लिव. न्हाय ऐकली हा पण पुरावाच ना?’ आहे. मी तसं लिहून घेतलं.

तेव्हापासून मी विचार करतोय. तू ती आजीकडून, तुझ्या सासूकडून ऐकलीस? मग आजीने ओहोटीची तिथी अचूक सांगितली असणार, आणि चूक तुझ्या तोंडी आल्यावर झाली. की गोष्ट तूच रचलीस, नवीन आलीस तेव्हा, मचूळ पाणी गिळवेना म्हणून? की तुझ्याआधी तुझ्यासारखीच कुणी डोंगरापलीकडची सून येऊन गेली होती, आणि चूक मुळात तिचीच? तिन्ही शक्य आहेत. मी प्रत्येक शक्यता तपासून बघतो आणि एकही खोटी ठरत नाही, एकही खरी ठरत नाही. काम करताना मध्येच यातलंच काहीतरी आठवतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, शेठ, लक्ष कुठाय? खरं सांगू, इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

अर्जात शेवटी असं लिहिलं: भर भरतीला आणि भर मेमध्ये पाणी गोडं राहतं, हे मी स्वतः क्षार मोजून पाहिलं आहे, कुणालाही पाहता येईल. आळी आजही पाणी भरते, कुणीही येऊन बघावं. बाकी कथा ऐकीव असून ती एकाच व्यक्तीकडून आली आहे, वेबसाइटवरची माहिती तिच्याच सांगण्याच्या नकला आहेत, त्या वेगळ्या धरू नयेत. मामाचं म्हणणंही जोडलं. सरपंचबाईंनी वाचून कपाळाला हात लावला. ‘स्वतःच्या आईला असं कोण करतं!’ म्हणाल्या, आणि सही केली.

काल अलिबागहून फोन आला. कारकून तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, ‘काका, अर्ज चांगला झालाय. एवढं स्पष्ट कुणी लिहीत नाही. सुनावणीला त्या गोष्ट सांगणाऱ्या आजींना घेऊन याल का? तोंडी सांगितलेलं साहेब लक्ष देऊन ऐकतात.’

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. इंटरनेटवर तर नाहीच. उद्या कुणीतरी उचलून संदर्भ म्हणून लावेल. फक्त तुला एक सांगतो. कारकुनाची चूक नाही. फॉर्मवर तुझं दोन्हीकडचं नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, गाव, तालुका, सगळं तपासून. नावाआधी ‘कैलासवासी’ तेवढं लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. पेन तिथे टेकलं होतं, मी उचललं. आणि काल फोनवर सांगता आलं असतं, तेव्हा मी म्हणालो, ‘विचारतो तिला.’